उसाची कांडी लांबते कशी? पेशीची भिंत, तिचे तुकडे आणि संजीवके



गेल्या श्रावणात एका गावच्या गट मेळाव्याला एक सभासद आपल्या आडसाली प्लॉटमधला एक ऊस बुडातून तोडून घेऊन आले होते. बुडख्याकडच्या कांड्या चांगल्या लांब. मध्येच चार कांड्या जेमतेम दोन-दोन बोटांच्या, गाठीला गाठ लागलेली. त्यांच्यावर पुन्हा लांब कांड्या. त्यांनी तो ऊस टेबलावर आडवा ठेवला आणि विचारले, "साहेब, दुकानदार म्हणतोय ही बाटली मारा, कांडी सुटंल. मग ह्या चार कांड्या आता वाढतील का न्हाई?"

आम्ही म्हणालो, "नाही वाढणार."

"मग बाटलीत हाय तरी काय?"

प्रश्न रास्त होता. संजीवके, टॉनिक, 'ऑलिगो' अशा नावांनी आज बाजारात पुष्कळ बाटल्या मिळतात आणि आपले सभासद त्यांवर कष्टाचा पैसा घालतात. त्यातले काही खरे आहे, काही अर्धे खरे आहे. कुठले काय, हे ओळखायचे तर ऊस वाढतो म्हणजे आत काय घडते ते समजून घ्यावे लागेल. मेळाव्यात पाच मिनिटांत ते सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

वाढ म्हणजे नेमके काय?

झाड वाढते म्हणजे दोन गोष्टी होतात. एक, पेशींची संख्या वाढते. दुसरी, झालेली पेशी आकाराने मोठी होते. उसाच्या पोंग्यात आत, शेंड्याशी आणि प्रत्येक कोवळ्या कांडीच्या बुडाशी नव्या पेशी तयार होत असतात. पण नवी पेशी अगदी बारीक असते. तीच पुढे दहापट, वीसपट, कधी त्याहूनही जास्त लांब होते, तेव्हा कुठे कांडी सुटलेली आपल्या डोळ्याला दिसते.

पेशी लांबते कशी? आपल्या लहानपणचा फुटबॉल आठवा. आत रबरी ब्लॅडर, बाहेर शिवलेले कातडे. पंपाने हवा भरली की ब्लॅडर फुगू पाहतो आणि कातडे त्याला आवरून धरते. पेशीचेही तसेच. आत साखर व क्षार विरघळलेले असल्याने पाणी आत ओढले जाते आणि आतून दाब बसतो. बाहेर पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत, तो दाब सोसते. हा दाब काही थोडाथोडका नाही. वाढणाऱ्या पेशीत तो साधारण तीन ते दहा वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन वातावरणांच्या आसपास हवा असते. म्हणजे उसाच्या कोवळ्या पेशीत मालट्रकच्या टायरएवढा दाब असू शकतो, आणि तो पेलणारी भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते!

आता ध्यानात घ्या. नुसता दाब असून पेशी वाढत नाही. भिंतीने थोडी सैल द्यावी लागते. आणि भिंत नुसती सैल झाली, पण आत दाब नसला, तरीही पेशी वाढत नाही. १९६५ साली जेम्स लॉकहार्ट या शास्त्रज्ञांनी हाच हिशेब एका छोट्या सूत्रात मांडला: भिंत किती सैल आहे आणि आतला दाब एका ठरावीक मर्यादेच्या किती वर आहे, या दोहोंच्या गुणाकारावर वाढीचा वेग ठरतो. गुणाकारातला एक आकडा शून्य झाला की उत्तर शून्य. दुसरा आकडा कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही.

त्या सभासदांच्या चार आखूड कांड्यांचा उलगडा इथेच होतो. आम्ही विचारल्यावर त्यांनी सांगितले की चैत-वैशाखात पाण्याचे आवर्तन लांबले होते. त्या दिवसांत ज्या कांड्या वाढीच्या होत्या, त्यांच्या पेशींत दाबच उरला नाही. पुढे पाणी आले, पण तोवर त्या पेशींच्या भिंती जाड होऊन त्यांत काष्ठद्रव्य भरले होते. भिंत एकदा पक्की झाली की ती पुन्हा सैल पडत नाही. म्हणून आखूड कांडी ती कायमची आखूड. पाणी आल्यावर वरच्या नव्या कांड्या लांबल्या, जुन्या तशाच राहिल्या.

भिंत कशाची बनलेली असते?

ही भिंत आपण रोज पाहतो, पण ओळखत नाही. गाळपानंतर जे चिपाड उरते, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते म्हणजे मुख्यतः उसाच्या पेशींच्या भिंती. साखर पेशीच्या आत रसात असते. गिरणीत भिंती फोडून आपण ती बाहेर काढतो आणि भिंती बॉयलरला घालतो.

भिंतीचा मुख्य सांगाडा सेल्युलोजच्या धाग्यांचा. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. हे धागे पिंपाला बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांसारखे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात. त्यामुळे पेशी जाड होण्यापेक्षा लांब होते. धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दुसऱ्या साखळ्या असतात. वाटाणा, तूर, कापूस, टोमॅटो अशा पिकांत त्यांतली प्रमुख साखळी झायलोग्लुकान नावाची. नाव परके वाटेल, पण वस्तू परकी नाही. चिंचोक्याची खळ आपल्याला ठाऊक आहे. घोंगडी विणणारे धनगर बांधव सुताला ती लावत आले, कापडाच्या धंद्यातही चिंचोक्याची पूड कांजीसाठी वापरतात. ती खळ म्हणजे बहुतांशी झायलोग्लुकानच. सुताचे तंतू ती जसे धरून ठेवते, तसेच भिंतीत ती सेल्युलोजच्या धाग्यांना धरते. तिसरा घटक पेक्टिन. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट बसते तेच हे. दोन पेशींच्या मधला गिलावा त्याचाच.

यातली विशेष बाब अशी, की हे तिन्ही घटक साखरेचेच बनलेले आहेत. ग्लुकोज, झायलोज, गॅलॅक्टोज असे साखरेचे मणी ओवून त्यांच्या लांब माळा केलेल्या असतात. माळ तुटली की दोन-चार, आठ-दहा मण्यांचे तुकडे मोकळे होतात. या तुकड्यांची गोष्ट पुढे येईल. आधी संजीवके पाहू.

हुकूम देणारी संजीवके

१८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या रोपांवर साधे प्रयोग केले. रोप उजेडाकडे वाकते. पण कोंबाच्या टोकावर टोपी घातली की वाकत नाही. वाकणे होते खाली, आणि उजेड कळतो टोकाला. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १९२६ साली हॉलंडमधील उट्रेक्ट येथे फ्रिट्स वेंट यांनी तो निरोप पकडला. त्यांनी ओटच्या कोंबांची टोके कापून अगरच्या चकतीवर ठेवली. मग टोके काढून टाकली आणि नुसती चकती कापलेल्या कोंबाच्या एका बाजूवर बसवली. कोंबाची ती बाजू लांबली व कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. टोकातून चकतीत उतरलेल्या त्या द्रव्याला पुढे ऑक्झिन नाव मिळाले.

ऑक्झिन भिंत सैल कसे करते, हे १९७० च्या सुमारास कळू लागले. ऑक्झिन पोचले की दहा-पंधरा मिनिटांतच पेशी आपल्या भिंतीत आम्ल सोडू लागते. कारखान्यातल्या आपल्या मंडळींना रसाचा पीएच माहीत असतो. तसाच भिंतीचाही पीएच असतो. ऑक्झिनमुळे तो सहाच्या आसपासवरून पाचच्या खाली उतरतो. आम्लता वाढली की भिंतीतील काही प्रथिने जागी होतात. त्यांतली महत्त्वाची प्रथिने १९९२ साली अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने काकडीच्या कोवळ्या रोपांतून वेगळी केली. त्यांचे नाव एक्स्पान्सिन. ती माळा तोडत नाहीत. धागे आणि बांधणाऱ्या साखळ्या यांची पकड तेवढी सोडवतात. धागे एकमेकांवरून थोडे सरकतात, आतल्या दाबाने पेशी लांबते आणि नवा माल येऊन भिंत पुन्हा भरून निघते.

दुसरे संजीवक जिब्रेलिन. याचा शोध भाताच्या रोगातून लागला. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपे उगाच उंच, फिकट व लुकडी वाढून पडत. त्या रोगाला ते 'मूर्ख रोप' म्हणत. १९२६ साली फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, कुरोसावा यांनी दाखवले की रोप उंच करणारे द्रव्य एक बुरशी सोडते. बुरशीच्या नावावरून त्या द्रव्याला जिब्रेलिन म्हणू लागले. पुढे हेच द्रव्य निरोगी झाडांतही सापडले. उलट बाजूने पाहायचे तर मेक्सिकन बुटक्या गव्हाच्या जाती पाहा. त्यांचे ताट जिब्रेलिनचा हुकूम नीट मानत नाही, म्हणून आखूड राहते आणि जड लोंबी पेलते. म्हणजे जास्त उंची हे नेहमी जास्त उत्पन्न नव्हे.

तिसरे सायटोकायनिन. ते पेशींच्या विभाजनाला व डोळे फुटण्याला चालना देते. १९५७ साली विस्कॉन्सिनमध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या गाभ्यावर दाखवले, की ऑक्झिन जास्त व सायटोकायनिन कमी असेल तर मुळ्या फुटतात. उलट असेल तर कोंब फुटतात. आणि दोन्ही ठरावीक प्रमाणात असतील तर नुसता गोळा वाढतो. उतीसंवर्धित रोपे तयार करताना आज हेच तत्त्व वापरतात. चौथे इथिलीन. हा वायू आहे. आंब्याची आढी घातली की फळे एकदम पिकतात ती याच्यामुळे.

या सगळ्यांतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. संजीवक म्हणजे अन्न नव्हे. तो चौकीदाराचा हाकारा आहे. हाकारा ऐकून कामाला लागायला माणसे, माल आणि पाणी लागतेच.

भिंतीचे तुकडेही बोलतात

इतके दिवस समज असा होता की हुकूम देणार संजीवके आणि मुकाट पाळणार भिंत. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात पीटर अल्बरशाइम आणि ॲलन डार्व्हिल यांच्या गटाने या समजाला धक्का दिला. त्यांचे म्हणणे असे, की भिंतीतल्या साखरेच्या माळा तुटून जे छोटे तुकडे मोकळे होतात, ते निव्वळ कचरा नसतात. त्यांतले काही तुकडे पेशीला निरोप देतात. अशा तुकड्यांना त्यांनी ऑलिगोसॅकरिन असे नाव दिले आणि १९८५ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हा विषय सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला.

पहिला पुरावा रोगांकडून आला. सोयाबीनच्या मुळावर हल्ला करणाऱ्या एका बुरशीच्या भिंतीतून सात मण्यांचा एक तुकडा मिळाला. तो अत्यल्प प्रमाणात लागला तरी सोयाबीन बुरशीला मारक द्रव्ये तयार करू लागते. म्हणजे चोराच्या पायातला काटा सापडला आणि घर जागे झाले. पुढे दिसले की झाडाच्या स्वतःच्या भिंतीतले पेक्टिनचे दहा-बारा मण्यांचे तुकडेही तेच काम करतात. बुरशी पेक्टिन फोडून आत शिरू पाहते, आणि त्या फोडलेल्या तुकड्यांवरूनच झाडाला कळते की भिंत फुटते आहे. वॉशिंग्टन राज्यात क्लॅरेन्स रायन यांनी टोमॅटोच्या पानांवर असेच पाहिले. अळीने पान कुरतडले की झाड अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने बनवते, आणि पेक्टिनचे तुकडे दिले तरी पान तेच करते.

मग वाढीचे काय? १९७४ साली लॅबाविच आणि रे यांनी दाखवले होते की वाटाण्याच्या देठाला ऑक्झिन दिले की त्याच्या भिंतीतले काही झायलोग्लुकान सुटे होते. अल्बरशाइम यांच्या गटाने त्याच्यापुढे जाऊन १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात वाढवलेल्या वाटाण्याच्या देठाचे तुकडे टू-फोर-डीच्या द्रावणात ठेवले. टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिनच आहे, त्यामुळे देठ भराभर लांबू लागले. त्या द्रावणात झायलोग्लुकानचा नऊ मण्यांचा एक ठरावीक तुकडा टाकला, तर लांबण्याचा वेग घटला. सात मण्यांचा तुकडा टाकला, तर तसे झाले नाही.

नऊ मण्यांचा तुकडा किती लागला ते पाहा. हजार लिटरच्या टाकीत सुमारे चौदा मिलिग्रॅम. आपल्या साखरेचे मध्यम आकाराचे आठ-दहा दाणे हजार लिटर पाण्यात टाकावेत, तेवढेच. आणि गंमत अशी की प्रमाण बरेच वाढवले तर परिणाम उलट नाहीसा झाला. जास्त घातले म्हणजे जास्त गुण, हा आपला हिशेब इथे चालत नाही.

यावरून त्यांनी विचार मांडला तो असा. ऑक्झिन भिंत सैल करते. त्या धावपळीत झायलोग्लुकानच्या माळा तुटून तुकडे मोकळे होतात. त्यांतला नऊ मण्यांचा तुकडा उलट ऑक्झिनलाच आवर घालतो. मोट हाकणारा माणूस पाटात पाणी किती आले ते बघून बैल थांबवतो, तसे. वाढ आपल्याच खुणेने आपल्याला लगाम घालते.

पुढच्या काळात यात बरीच भर पडली. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली दाखवले की पेक्टिनचे तुकडेही वाटाण्याच्या देठात ऑक्झिनची वाढ रोखतात. एडिंबरा येथे स्टीफन फ्राय यांच्या गटाला दिसले की झायलोग्लुकानचे काही तुकडे थोडे जास्त प्रमाणात असले तर देठ लांबवायला मदतही करतात. का, त्याचा काही उलगडा १९९२ साली झाला. भिंतीत एक विकर सापडले, जे झायलोग्लुकानची एक माळ तोडते आणि तुटलेले टोक दुसऱ्या माळेला जोडते. दोर तोडून दुसऱ्या दोराला गाठ मारावी तसे. आता गाठ मारायला लांब दोराऐवजी वीतभर तुकडाच हाती लागला, तर बांध ढिला पडणारच. २००२ साली जपानी शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या देठावर हेच करून दाखवले. लांब माळा दिल्या तर भिंत ताठ होऊन वाढ मंदावली. सात मण्यांचे आखूड तुकडे दिले तर वाढ वाढली.

तुकड्यांचा अंमल केवळ लांबीवर नाही. १९८५ साली फ्रान्स व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 'नेचर' मध्ये तंबाखूच्या देठाच्या सालीच्या पातळ पट्ट्यांवरचे काम प्रसिद्ध केले. ऑक्झिन, सायटोकायनिन व आम्लता यांच्या प्रमाणाबरोबर भिंतीचे तुकडे दिले, तर त्या पट्ट्यांवर कधी फुले, कधी कोंब, कधी मुळ्या येऊ लागल्या.

मात्र एक सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे बहुतेक प्रयोग कापलेल्या देठांवर किंवा पट्ट्यांवर, काचेच्या ताटलीत झालेले आहेत. उभ्या पिकात असा लगाम किती चालतो, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय ऊस हे गवतवर्गातले पीक आहे. गवताच्या भिंतीत झायलोग्लुकान व पेक्टिन कमी असते आणि झायलान जातीच्या दुसऱ्याच माळा जास्त असतात. त्यामुळे वाटाण्याचे सूत्र उसाला जसेच्या तसे लावता येत नाही.

आपल्या उसात हे कुठे दिसते?

अख्खा ऊस सरीत पुरला तर त्याचे मोजकेच डोळे उगवतात, पण त्याच उसाची टिपरी करून लावली तर बहुतेक डोळे फुटतात. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. टिपरी केली की तो धाक सुटतो. जेठा कोंब मोडला की बाजूचे फुटवे जोर धरतात, ते याच कारणाने. शेंडे कीड लागून पोंगा मेला किंवा तुरा आला की उभ्या उसाला पांगशा फुटतात, त्याही याच कारणाने. यात साखरेचाही हात आहे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली वाटाण्यावर दाखवले की शेंडा छाटताच त्याच्या वाट्याची साखर खालच्या डोळ्याकडे वळते, आणि डोळा हलतो तो आधी त्या साखरेमुळे.

आता दुसरी बाजू. खोडकिडीने पोखरलेला, मुळकुजीने आजारलेला ऊस खुंटतो. आपण म्हणतो किडीने अन्न खाल्ले. ते खरेच आहे. पण झाड आपली शक्ती संरक्षणाकडे वळवते आणि वाढीला आखडते घेते, हेही खरे. पेक्टिनचे तुकडे वाटाण्यात एकीकडे संरक्षण जागे करतात व दुसरीकडे ऑक्झिनला रोखतात, ते याचेच उदाहरण म्हणता येईल. अशा आजारी उसावर वाढीचे संजीवक मारणे म्हणजे तापातल्या माणसाला तालमीत पाठवणे. आधी कीड व मुळे पाहा.

आणि तिसरी बाजू कारखान्याची. ऊस वाढतो तेव्हा साखर भिंती बांधण्यात खर्च होते. वाढ मंदावली की साखर साठते. म्हणून तोडणीच्या तोंडावर युरिया व भरपूर पाणी दिलेल्या उसाचा उतारा पडतो. त्याच काळात वाढ चेतवणारे संजीवक फवारणेही तितकेच चुकीचे.

बाटली घेण्याआधी

या सगळ्यातून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात.

पहिली. जिब्रेलिनने उसाची कांडी लांबते हे खरे आहे. हवाईतल्या उसावर याचे काम पुष्कळ झाले. पण परिणाम होतो तो फवारणीच्या वेळी वाढीत असलेल्या काही कांड्यांवरच. झालेल्या कांड्यांवर नाही. आणि तोही पाणी व खत पुरेसे असेल तर. पाण्याचे आवर्तन चुकणार असेल तर बाटलीचे पैसे ठिबकच्या दुरुस्तीला घाला.

दुसरी. बाटलीवरचा आकडा वाचा. काही द्रवरूप बाटल्यांवर ०.००१ टक्के असे छापलेले असते. म्हणजे लिटरभर बाटलीत जिब्रेलिन फक्त १० मिलिग्रॅम. ९० टक्क्यांच्या पुडीत एका ग्रॅमलाच ९०० मिलिग्रॅम असते. म्हणजे ती एक ग्रॅमची पुडी त्या बाटलीतल्या ९० लिटरच्या बरोबरीची. शेजाऱ्याने "एवढे मिली घातले" म्हणून सांगितले आणि आपल्या हातात दुसराच माल असला, तर हजारो पटींची चूक होते. जादा मात्रेने ऊस लुकडा होऊन लोळतो. शिफारस पीपीएममध्ये असते: एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य. हिशेब जमत नसेल तर बाटली घेऊन गट ऑफिसला या, आम्ही करून देऊ.

तिसरी. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणून आपण उसात वापरतो. पण ते मुळात ऑक्झिन आहे, हे विसरू नका. ऊस ते सोसतो. द्राक्ष, कापूस, टोमॅटो सोसत नाहीत. वाऱ्याने गेलेल्या तुषारांनीही त्यांची पाने बोटांसारखी चिरटून जातात आणि शेजाऱ्याचे वर्षाचे पीक हातचे जाते. बांधापलीकडे अशी पिके असतील तर वारा असताना फवारू नका, आणि त्या पंपाने दुसऱ्या पिकावर काही मारू नका. बांधाचे भांडण कोर्टात नेण्यापेक्षा हे सोपे.

चौथी. 'ऑलिगो', कायटोसान वगैरे नावाच्या मालाबद्दल. कायटोसान झिंगा-खेकड्यांच्या कवचापासून करतात आणि ते बुरशीच्या भिंतीतल्या द्रव्याच्या जातीचे आहे. झाड त्याला बुरशीची चाहूल समजून सावध होते. म्हणजे त्याचा मुख्य गुण संरक्षणाचा. कांडी लांबवण्याचे औषध म्हणून कोणी विकत असेल तर त्याला उसावरचा पुरावा मागा. २०२१ साली अशी जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आहेत. तेव्हा लेबल, घटक व पक्की पावती यांशिवाय माल घेऊ नये.

आणि तरीही कोणाला वापरून पाहायचेच असेल तर जरूर पाहावे, पण मोजून. पाच सऱ्या फवारा, शेजारच्या पाच तशाच सोडा. असे शेतात तीन ठिकाणी करा. खत-पाणी सगळ्यांना सारखे. तोडणीला दोन्हींकडचे ऊस मोजा, मोळ्यांचे वजन वेगळे करा. फवारणीच्या खर्चाहून जादा वजनाचे पैसे जास्त भरले, तरच पुढच्या वर्षी फवारा. न फवारलेल्या सऱ्या सोडल्या नाहीत, तर चांगल्या पावसाचे श्रेय बाटलीला जाते.

शेवटी ते सभासद काय म्हणाले तेही सांगतो. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी उसावर हात फिरवला आणि म्हणाले, "म्हंजे कुठली पाळी चुकली ते उसानंच लिवून ठिवलंय की." तसेच आहे. पुढील गट मेळाव्याला प्रत्येक सभासदाने आपल्या शेतातला एक ऊस आणि पाण्याच्या पाळ्यांच्या तारखा लिहिलेला कागद बरोबर आणावा, ही विनंती. कुठली कांडी कधीची, हे आपण मिळून लावून पाहू. बाटली घ्यायची की नाही, ते मग ठरवू.